निळ्या झाकणाची बाटली

पांढरा दिवा लावला आणि आईचा चेहरा काळा पडायला लागला, तेव्हा दिगंबरला आधी वाटलं की आपल्यालाच अंधारी येतेय. त्यानं चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला, परत घातला. चेहरा काळाच पडत होता. आधी कपाळ गुलाबीसर झालं, मग जांभळट. मग केसांचा पांढरेपणा गेला. आणि बघता बघता गालफडं, हनुवटी, सुईत दोरा ओवताना बारीक केलेला तो एक डोळा, सगळं शाई सांडल्यासारखं झाकत गेलं. कागद तिसऱ्या ट्रेमध्ये, म्हणजे हायपोमध्ये, चांगली दहा मिनिटं होता. घड्याळ लावून दहा मिनिटं. डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं आणि हायपोमध्ये ते पक्कं होतं, एवढी साधी गोष्ट. एकदा पक्कं झालं की मग उन्हात ठेवा नाहीतर भिंतीवर टांगा, त्याला काही होत नाही. आणि हा कागद तर ट्रेमध्ये पडल्या पडल्याच मरत होता. चिमट्यानं उचलून त्यानं तो बल्बखाली धरला, जणू काही जवळ धरल्यानं थांबेल. थांबला नाही. दुपारचे अडीच वाजले होते, शनिवार पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्याची बायको सरोजिनी परवाच्या वर्षश्राद्धाची यादी करत बसली होती, आणि इकडे चार बाय सहाच्या न्हाणीत, खिडकीला काळा पुठ्ठा ठोकून केलेल्या त्याच्या डार्करूममध्ये, दिगंबर एक काळा कागद हातात धरून उभा होता.

पहिला विचार आला तो अगदी पगारी माणसाचा: हायपो जुना झाला. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून काढलेली. कुठलं द्रावण किती दिवस टिकतं हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आई गेल्यापासून वर्षभर त्यानं या न्हाणीत पाऊल टाकलेलं नव्हतं. डेव्हलपर आज सकाळी ताजा केला, पण हायपो गेल्या वर्षीचा वापरला. फळीवर निळ्या झाकणाच्या तीन बाटल्या होत्या. दोन बाटल्यांवर त्याच्या टपोऱ्या अक्षरात 'हायपो' असं लेबल. तिसऱ्या बाटलीचं लेबल न्हाणीतल्या दमटपणानं गळून पडलेलं. ते पडलं तेव्हा त्यानं बघितलंही होतं. फरशीवर चिकटलेला तो कपटा पायानं बाजूला सारून तो मनाशी म्हणाला होता, लावू नंतर. म्हणून आज त्यानं विचार केला की बिनलेबलाची आधी संपवून टाकावी, आणि तीच ट्रेमध्ये ओतली. आता रिकामी बाटली नळाखाली उताणी पडली होती. त्यानं ती उचलली, नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. हायपोला तरी कुठे वास असतो. पण बाटलीच्या तळाशी, अगदी कडेला, तपकिरी धाग्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. नदीच्या पाण्यात असतो तसला गाळ.

बाटल्यांचं त्याला वेड होतं, हे घरात सगळे जाणून होते. निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, यात्रा करतात. यानं बाटल्या गोळा केल्या. फोटोचं वेड मूळचं, पण फोटो काढणं सोपं. औषधं टिकवणं अवघड. डेव्हलपरचा शत्रू म्हणजे हवा. अर्धी भरलेली बाटली म्हणजे अर्धी हवा, आठ दिवसांत द्रावण चहासारखं काळपट होतं आणि कामातून जातं. म्हणून बाटली काचेची हवी, तपकिरी हवी, झाकण घट्ट हवं, आणि मुख्य म्हणजे गळ्यापर्यंत भरलेली हवी. मोठी एक घेण्यापेक्षा लहान चार घ्याव्यात, एक उघडली की तीच संपवावी. आणि तरी पातळी खाली गेलीच तर आत खेळातल्या गोट्या टाकाव्यात, म्हणजे पाणी वर चढतं आणि हवा बाहेर जाते. रविवारी सकाळी तो जुन्या बाजारात जायचा, उकिडवा बसून एकेक बाटली उजेडाकडे धरून बघायचा, आणि विकणारा कंटाळून म्हणायचा, काका, घ्यायची का बघायचीय? खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बऱ्या, पण लहान पडतात. सगळ्यात उत्तम म्हणजे बिअरची. त्या त्यानं भंगारवाल्याकडून डझनभर आणल्या, तेव्हा सरोजिनी दारातच उभी राहिली. "जिन्यात जोशीकाकू भेटल्या का?" "भेटल्या." "काही म्हणाल्या?" "नाही." "मग उद्यापर्यंत सगळ्या पेठेला कळेल," असं म्हणून ती आत गेली. आई खाटेवरून हसत होती. आईला त्या गोट्यांचं फार कौतुक. रात्री झोपताना म्हणायची, "दिग्या, म्हातारपणी गोट्या खेळायला लागलास."

पण हे सगळे चोचले डेव्हलपरचे. हायपोच्या बाबतीत तो बेफिकीर होता, आणि ती बेफिकिरी ज्ञानातून आलेली होती. हायपोला काय, तो कशातही राहतो. पाण्यासारखा दिसतो, पाण्यासारखा वाहतो, हवेनं त्याचं फारसं बिघडत नाही. त्याच सुमारास ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण प्रेमला, काशीला जाऊन आली. घाटावर पांढरट प्लास्टिकच्या, निळ्या झाकणाच्या पावशेर पाण्याच्या बाटल्या मिळतात. तिनं डझनभर घेतल्या, आठ भरल्या आणि नातेवाइकांत वाटल्या, एक आईसाठी भरून आणली, आणि तीन रिकाम्या उरल्या त्या "तुला लागतात ना" म्हणून दिगंबरपुढे ठेवल्या. जाड, दणकट, झाकण घट्ट. पाऊण लिटर हायपो तीन ठिकाणी बेताचा बसला. भरलेली देवघरात गेली, रिकाम्या न्हाणीत गेल्या. प्रयोगशाळेत तो दर जूनमध्ये नव्या मुलांना ओळीनं उभं करून दोन गोष्टी सांगायचा: खाण्यापिण्याच्या भांड्यात रसायन ठेवायचं नाही, आणि ज्या बाटलीवर लेबल नाही ती बेसिनमध्ये ओतायची, आत अमृत असलं तरी. एकदा विभागप्रमुखांचं बिनलेबलाचं द्रावण त्यानं त्यांच्या देखत ओतलं होतं. पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट तो लग्नाकार्यात सांगत असे.

गेल्या वर्षी, आई गेली त्या सकाळी, तिचा श्वास बदलला. डॉक्टर आदल्या दिवशीच सांगून गेले होते की आता घरीच राहू द्या. बैठकीत खाट, खाटेच्या उशाशी ताई, तिच्या हातात आईचा हात. ताईनं वर बघितलं आणि म्हणाली, "दिगू, गंगा आण." तो देवघरापाशी गेला. खालच्या कप्प्यात औषधांची खोकी, कापूस, वाफ घ्यायचं यंत्र. बाटली नव्हती. सरोजिनी गॅलरीत डॉक्टरांना फोन लावत होती. "दिगू," ताई परत म्हणाली, या वेळी जरा वरच्या आवाजात, आणि त्या आवाजानं त्याचे पाय आपोआप न्हाणीकडे वळले, कारण निळ्या झाकणाच्या बाटल्या त्यानं तिथे बघितल्या होत्या. फळीवर चार होत्या. असायला हव्या होत्या तीन, पण तेव्हा मोजलं कोणी? दोन लेबलाच्या, दोन बिनलेबलाच्या. त्यानं हाताला लागली ती घेतली. पुढची होती म्हणून घेतली. त्याला आता आठवत होतं की उचलताना त्याच्या मनात एक शब्दही आला नव्हता. एकतीस वर्षांत जो विचार त्यानं एकदाही चुकवला नव्हता तो त्या अर्ध्या मिनिटात आलाच नाही. ताईनं तुळशीचं पान घातलं, चमच्यानं तीनदा आईच्या तोंडात पाणी सोडलं. पहिल्या चमच्याला आईनं डोळे उघडले. चार दिवसांत उघडले नव्हते. तिनं ताईकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "खारट." मग दहा-बारा मिनिटांत सगळं संपलं. त्या शब्दाचं पुढे काय काय झालं. मामा म्हणाले, जन्मभर स्वयंपाक केलेली बाई, शेवटीही चव सांगून गेली. पण ताईनं त्या शब्दाचा अर्थ लावून ठेवला होता, आणि तो ती येईल त्याला सांगत असे: चमचा धरताना ती रडत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी चमच्यात पडलं. आईला शेवटी गंगा आणि लेकीची आसवं एकत्र मिळाली. एवढं बोलून ताई शांत व्हायची. उरलेली बाटली ती धायरीला आपल्या घरी घेऊन गेली होती. "माझ्या वेळेला हीच घाला रे," असं तिनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

दारावर टकटक झाली. "अहो, झाला का फोटो?" सरोजिनीनं विचारलं. "फ्रेमवाला सातपर्यंतच थांबणार आहे. सात वाजून एक मिनिटानं गेलात तर दुकानही बंद आणि त्याचं तोंडही बंद."

"नाही झाला अजून." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "सरू, आई आजारी होती तेव्हा देवघरातली गंगा कुठे ठेवली होतीस?"

"आता हे काय मध्येच?"

"सांग ना."

"खालच्या कप्प्यात औषधं ठेवायला जागा हवी होती. मग ती तुमच्या न्हाणीतल्या फळीवर ठेवली. तशाच बाटल्या होत्या ना तिथे. एका जातीच्या सगळ्या एका ठिकाणी, तुम्हालाच आवडतं तसं."

"मला सांगितलं होतंस?"

"सांगितलंच असेल की. पण तेव्हा या घरात कोण कुणाचं ऐकत होतं? का हो? काय झालं?"

"काही नाही," दिगंबर म्हणाला, आणि कडी सरकवून आतच उभा राहिला. तिची पावलं लांब गेली. आपण बायकोशी खोटं बोललो याची त्याला लाज वाटली नाही. लाज वाटायला जी जागा लागते ती सगळी दुसऱ्याच गोष्टीनं व्यापली होती.

मग तो कामाला लागला, कारण हात रिकामे ठेवणं अशक्य होतं. औषधांच्या डब्यातून जखमेवर लावायच्या आयोडीनची लहान बाटली आणली. पहिल्या वर्षाच्या मुलांचा हा पहिला प्रयोग असतो: तपकिरी आयोडीन हायपोत पडलं की रंग नाहीसा होतो, पाण्यात पडलं की तसाच राहतो. लेबलाच्या बाटलीतलं चमचाभर घेऊन त्यानं त्यात थेंब टाकला. रंग पडला आणि डोळ्यांदेखत गेला. म्हणजे वर्षभरानंतरही हायपो ठणठणीत होता. मग तिसऱ्या ट्रेमधलं घेतलं. थेंब टाकला. रंग पसरला आणि राहिला. त्यानं आणखी एक टाकला. तोही राहिला. म्हणजे गेली दहा मिनिटं आईचा फोटो गंगेत पडून होता आणि गंगेनं तो धरला नाही. आणि आई... पण तिथे त्याचं डोकं थबकलं आणि एक फट शोधून काढली. समजा या बिनलेबलाच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं असेल. समजा हाच हायपो होता आणि तो बिघडून पाण्यासारखा निकामी झाला असेल. मग ताईकडची खरी गंगा. तळाचा गाळ कसलाही असू शकतो. हे सगळं तो एखाद्या नापास होऊ घातलेल्या मुलाच्या तोंडून ऐकत असल्यासारखं ऐकत होता, त्यातलं काही खरं नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरीही त्या फटीला तो दोन्ही हातांनी धरून राहिला. धायरीची बाटली तपासली की कळेल. ट्रेमधलं पाणी मोरीत ओतायला त्याचा हात होईना. डेव्हलपरचे थेंब पडलेलं ते पाणी आता देवालाही चालणारं नव्हतं आणि फोटोलाही. त्यानं त्यावर वर्तमानपत्र झाकून ठेवलं. मग काळ्या पडलेल्या फोटोची घडी घातली, आणि बाहेर पडण्याआधी, का ते स्वतःशीही न बोलता, ती रिकामी निळ्या झाकणाची बाटली स्वच्छ विसळली, नळाच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली आणि पिशवीत टाकली.

सिंहगड रस्त्याला चार वाजताही गाड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या होत्या. त्याची जुनी स्कूटर सिग्नलला धापा टाकत उभी राहायची आणि तो हिशेब करायचा. तीन चमचे. एका चमच्यात पाच मिलिलिटर. त्यातला निम्मा तरी ओठांवरून ओघळला होता, ताईनं पदरानं पुसला होता. हायपो विष नाही. डॉक्टर लोक काही विषांवर उतारा म्हणून शिरेतून देतात. आई त्यानं गेली नाही. आई जाणारच होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं बरोबर होतं, आणि प्रत्येक बरोबर वाक्यानंतर त्याला आईचे उघडलेले डोळे दिसत होते. एकोणनव्वद वर्षांच्या बाईला आयुष्यात शेवटची चव कसली मिळाली? पोरानं फोटो धुवायला करून ठेवलेल्या मिठासारख्या पाण्याची. आणि ती ते ओळखून बोलली होती. ती शुद्धीवर येऊन तक्रार करत होती, आणि घरातली शहाणी माणसं भोवती उभी राहून गहिवरत होती. मागच्यानं हॉर्न वाजवला. "ओ काका, सिग्नल सुटला, झोपलात काय?" दिगंबरनं स्कूटर पुढे काढली. वडगावच्या पुलाखाली त्यानं गाडी कडेला घेतली. उसाच्या गुऱ्हाळाच्या बाकड्यावर तो थोडा वेळ बसला, आणि रसवाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा ग्लासाकडे बघत राहिला, प्यायला नाही.

ताईनं दार उघडलं. बहात्तर वर्षांची, ठेंगणी, कमरेला रुमाल खोचलेली. "फोन न करता आलास? पुण्यातला माणूस असा येत नाही." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "ऊन लागलंय तुला. बस. हे फिरायला गेलेत, सहाशिवाय येत नाहीत. फोटो आणलास?"

"थोडं काम राहिलंय."

"तो सुईतला घे बरं का. तुला वाटेल हसरा घ्यावा, पण आई फोटोसाठी हसायची ते खोटं. सुईत दोरा ओवताना तीच ती." ती स्वयंपाकघराकडे वळली. "चहा टाकते. सरोजिनीनं यादी केली का? वाल मी भिजवीन म्हणावं."

देवघर बैठकीच्या कोपऱ्यात होतं, भिंतीला अडकवलेलं, सागवानी. बाटली अन्नपूर्णेच्या मागे. तिच्या गळ्यात ताईनं लाल दोरा बांधला होता. दिगंबरनं ती उचलली आणि उजेडाकडे धरली; पाणी नितळ होतं, तळाला काही नव्हतं. एवढ्यानंच कळायला हवं होतं. पण फट अजून शिल्लक होती. नैवेद्याची छोटी वाटी घेऊन त्यानं तिच्यात थोडं ओतलं, खिशातून आयोडीन काढलं. घाईत पहिला थेंब फरशीवर पडला. दुसरा वाटीत पडला, तपकिरी ढग झाला, आणि गेला. त्यानं आणखी एक टाकला. गेला. आणखी एक. वाटी स्वच्छ. आतून भांड्याचा आवाज येत होता, ताई काहीतरी पुटपुटत होती, चहाला उकळी आली होती. आणि मग त्यानं जे केलं ते अगदी सफाईनं केलं, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं. पिशवीतली बाटली काढली, लाल दोरा सोडवून तिच्या गळ्यात घातला, ती अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. दुसरी पिशवीत टाकायची तेवढी राहिली होती.

"दिगू, हातात काय आहे?"

ती दोन कप घेऊन दारात उभी होती. काहीही सांगता आलं असतं. एका वाक्यात निभावलं असतं. पण त्याच्या तोंडातून ते सगळं एकापाठोपाठ एक बाहेर पडलं, फोटो काळा पडला तिथपासून: बाटल्या, लेबल, फळी, आयोडीन. कप तिनं टीव्हीच्या टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि बसली. तो म्हणाला, "ते विष नाही, ताई. औषधातही देतात. आई त्यानं गेली नाही, शपथ घेऊन सांगतो."

"विष आहे का असं मी विचारलं का?"

त्यानं आयोडीनची बाटली खिशात टाकली.

"खारट असतं का ते?"

"हो."

ताईनं कमरेचा रुमाल काढला, मांडीवर त्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. खाली सोसायटीच्या आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसारखी किंचाळत होती. "म्हणजे ती मला सांगत होती," ताई म्हणाली. "मी रडत होते ना, मला वाटलं माझंच काहीतरी. ती खारट म्हणाली आणि तिनं तोंड मिटून घेतलं. तू बघितलंस?"

"नाही."

"तू पायाशी उभा होतास. घट्ट मिटलं. दात लावले. मला वाटलं, शक्ती संपली. मग मी इथे," तिनं स्वतःच्या गालाला, जबड्याच्या सांध्यापाशी, अंगठा आणि बोट लावून दाखवलं, "इथे दाबून उघडलं. लहान मुलाला औषध पाजतात तसं. म्हटलं, आई, घे, गंगा आहे, नाही म्हणू नकोस. आणि आणखी दोन घातले."

दिगंबरनं दुपारपासून जमवलेली सगळी बरोबर वाक्यं कुठेतरी सिंहगड रस्त्यावर राहून गेली होती. चहावर साय धरली होती. ताईनं देवघराकडे बघितलं. "ही आत्ता ठेवलीस तिच्यात काय आहे?"

"नळाचं पाणी."

"म्हणजे माझ्या वेळेला नळाचं घातलं असतंत. आणि मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं," तो म्हणाला, कारण आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

ती उठली. त्याला वाटलं, आता ती ती बाटली उचलून फेकेल, किंवा आपल्याला जा म्हणेल. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिनं बाटली जरा आत सरकवली, दोरा नीट केला, आणि फरशीवर पडलेला आयोडीनचा डाग रुमालानं पुसला. डाग निघाला नाही तरी ती बराच वेळ पुसत राहिली. "राहू दे ती तिथेच," ती खाली बघतच म्हणाली. "परवा सगळी येतील, कोणासमोर बोलायचं नाही. सरोजिनीलाही नाही, ती बिचारी जन्मभर फळी आठवत बसेल. आणि माझ्या वेळेला काय घालायचं ते घाला. नळाचं घाला, नाहीतर काही घालू नका. पण चमचा तू धर, दिगू. आणून दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

तो हो म्हणाला. बाटली कोणी उचलली, लेबल कोणाचं पडलं, फळीवर कोणी ठेवली, हे दुपारपासून त्यानं शंभरदा उलटसुलट तपासून बघितलं होतं. चमचा कोणाच्या हातात होता, हे मात्र त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.